देवाच्या कोपऱ्यातली ओळ

कुंता आमच्याकडे कामाला लागली तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी आदेशला सांगितलं होतं, की बाबा रे, ही मुलगी झोपेत असते. चहा समोर ठेवला की त्यावर साय धरेपर्यंत तो तसाच राहायचा, आणि ही खिडकीबाहेरच्या सुबाभळीकडे बघत बसायची. हाक मारली तर दुसऱ्या हाकेला ‘जी’ म्हणायची. मी रेडिओ दुरुस्त करता करता म्हातारा झालेला माणूस. माझ्या हातात सदा तापलेली सोल्डरिंगची सळई, आणि तंद्री लागलेल्या माणसांची मला धास्ती वाटते.

हे दोन हजार पाच सालचं. चंद्रपुरात तुकूमच्या बाजूला आदेशचा कारखाना होता. दोन खोल्या आणि मागं पत्र्याची पडवी, पण कारखाना म्हणायचं आपलं. आदेश मालक, मी पेट्यांची जोडणी करणारा, आणि कुंता त्यांचा प्रोग्राम लिहिणारी. पेटी म्हणजे खाणीत लावायची, गॅस साचला की भोंगा वाजवणारी. आमची पहिली पेटी घुग्घुसकडच्या एका भुयारी खाणीत जाणार होती, आणि त्याच खाणीत कुंताचा धाकटा भाऊ मिथुन ठेकेदाराच्या हाताखाली लागला होता. दोघं भाऊबहीण आमच्याच गल्लीत खोली करून राहायची. सकाळी तो मोटारसायकलला किक मारून निघाला की ही दारात उभी असायची, आणि गाडीचा आवाज विरून गेला तरी तिथंच असायची. भाऊ जमिनीखाली जातो याची तिला भीती वाटत होती. तिनं ती बोलून दाखवली नाही, पण पेटीवर बसली की तिची तंद्री जरा निराळी असायची, एवढं मला दिसत होतं.

कुंताचं गाव सावली तालुक्यातलं. वडील इस्तारीभाऊ मासेमार, सारा जन्म तलावात आणि वैनगंगेत गेलेला. लहानपणी ती बापाच्या डोंग्यात बसून नदीवर जायची. दिवेलागणीला परतताना पलीकडच्या गावात एकेक दिवा पेटायचा, पाण्यात उतरायचा, आणि ही डोंग्याच्या टोकाला हनुवटी टेकून बघत राहायची. एखादं घर अंधारातच राहिलं की विचारायची, “बाबा, तिथी कोन राह्यते?” इस्तारीभाऊ वल्हं मारत म्हणायचे, “असन कोनी. तुले का कराचं?” ही गोष्ट तिनं मला निदान तीनदा सांगितली असेल, आणि प्रत्येक वेळी पहिल्यांदाच सांगतेय अशा थाटात. मी तिला म्हणायचो, मुली, ते घर आता कुणी विकूनही टाकलं असेल. ती हसायची आणि पुन्हा खिडकीबाहेर जायची.

आता पेटीच्या पोटात काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. खाली चिपमध्ये एक पक्का प्रोग्राम बसवलेला. त्याच्या वर साध्या भाषेत लिहिलेल्या सूचना, त्यांना स्क्रिप्ट म्हणतात. प्रत्येक खाणीची तऱ्हा वेगळी, तेव्हा सूचना बदलता याव्यात आणि चिपला हात लावावा लागू नये, म्हणून ही सोय. त्या सूचनांची एकेक ओळ वाचून चिपकडून काम करून घेणारा जो मधला भाग, तो इंटरप्रिटर. मी त्याला दुभाष्या म्हणायचो. भामरागडच्या बाजारात माडिया बोलणारा माणूस आणि आपला व्यापारी यांच्यामध्ये एकजण बसलेला असतो ना, तसा.

खाणवाल्यांची अट होती की तपासणीत सगळा प्रोग्राम चालवून पाहिलाय याचा पुरावा द्या. याला कव्हरेज म्हणतात. तपासताना कुठली ओळ चालली आणि कुठली नुसती पडून राहिली, याचा माग काढायचा. आदेशनं त्यासाठी एक तयार साधन आणून लावलं. उत्तर आलं, जवळजवळ सगळं चाललं. आदेशनं लगेच झिंगूच्या टपरीवरून समोसे मागवले. कुंता समोसा हातात धरून सुबाभळीकडे बघत होती.

“हे तं दुभाष्याचं झालं जी,” ती म्हणाली.

“म्हंजे?” आदेशनं विचारलं.

“हे साधन चिपमधल्या प्रोग्रामले पाह्यते. दुभाष्याचं तोंड हाललं, एवढं त्याले समजते. पन आपल्या सूचना त्याच्यासाठी नुसता कागद आहे. कोनाचा निरोप दुभाष्यानं कधी सांगतलाच नाई, ते याच्यात कुठी दिसते?”

आदेशनं उरलेला समोसा कागदावर परत ठेवला. माणूस चांगला, पण त्याचा चेहरा पडला की मला त्याची दया यायची. बोलणं तर बरोबर होतं. एकच ओळ हजारदा वाचली काय किंवा हजार ओळी एकेकदा वाचल्या काय, वाचणाऱ्याचे ओठ तेच हलतात. माग काढायचा तर दुभाष्याच्या आत शिरूनच काढायला हवा होता.

कुंता आत शिरली. दुसरा शब्द नाही मला सुचत. उन्हाळा तापत होता, पत्रे तडतडत होते, आणि ती त्या इंटरप्रिटरच्या पोटात कुठं तरी गार जागी जाऊन बसल्यासारखी दिसायची. दुभाष्यानं नवी ओळ उचलली की त्यानं क्षणभर थांबायचं, त्या ओळीच्या नावानं एक ठिपका ठेवायचा आणि मग पुढं जायचं, अशी तिनं योजना केली. त्या थांबण्यानं पेटी मंदावली, भोंगा उशिरा वाजायला लागला. म्हणून ठिपके फक्त कारखान्यातल्या तपासणीपुरते, खाणीत जाताना काढून टाकायचे, असं ठरलं. मग एका दुपारी तिनं मला हाक मारली. काळ्या पडद्यावर सगळ्या सूचना अंधारात होत्या. तिनं तपासणी सुरू केली आणि चालली ती ओळ पिवळी होत गेली. इथं एक, तिथं दोन, मग खाली एक अख्खी वस्ती. मी सळई स्टँडवर ठेवली आणि स्टुलावर बसलो. त्या नदीकाठाची गोष्ट ती काय सांगत होती ते मला त्या दिवशी कळलं. आम्ही दोघं बघत राहिलो आणि त्या दुपारी माझं एकही काम झालं नाही.

काही ओळी अंधारातच राहिल्या. त्यातल्या कित्येक नुसत्या रिकाम्या, किंवा माणसाला वाचण्यासाठी लिहिलेल्या टिपा. त्या चालणारच नाहीत. मग कुंतानं एक खूण ठरवली. खूण केलेली ओळ हिशेबात धरायची नाही. ठीकच होतं ते. राहिलेल्यांना ती एकेक करून उजेडात आणत गेली, आणि शेवटी एकच तुकडा उरला. वीज गेलेली, बॅटरी उतरत आलेली, आणि अशात गॅस वाढला तर काय करायचं, त्याच्या त्या ओळी. आधीचा प्रोग्रामर त्या लिहून हैदराबादला निघून गेला होता, आणि वर टीप ठेवून गेला होता, ‘हात लावू नये’. ते तपासायला जाऊन एकदा एक बोर्ड जळालाही होता. त्यामुळे त्या तुकड्याला आम्ही सगळेच वचकून होतो. कुंतानंही हात जोडले. तिनं त्यावर आपली खूण केली आणि शेजारी नाव लिहिलं, ‘देवाचा कोपरा’. पडदा पुरा पिवळा झाला. आदेशनं यावेळी जिलेबी आणवली.

मी विचारलं, देवाचा कोपरा काय भानगड आहे? तेव्हा तिनं गावच्या तलावाचं सांगितलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की सगळी मंडळी मिळून तलाव ओढतात. मोठं जाळं या पाळीपासून, म्हणजे तलावाच्या बांधापासून, त्या पाळीपर्यंत फिरतं. पण मोहाच्या झाडाखालचा एक कोपरा कुणी ओढत नाही. तिथली मरळ पुढच्या वर्षाच्या बियाण्याची. तो देवाचा. “तुमी या नं श्रीहरीभाऊ, मच्छी खाले,” ती म्हणाली. पेटी पुढच्या आठवड्यात जायची होती, मध्ये दोन दिवस मोकळे होते. माशाचं आमंत्रण मी आजवर नाकारलेलं नाही.

पहाटेच्या एस.टी.नं आम्ही पोचलो तेव्हा तलावावर पातळ धुकं होतं आणि माणसं कमरेपर्यंतच दिसत होती. जाळं इतकं सावकाश सरकत होतं, की पाणीच त्यांना ओढतंय की काय असं वाटावं. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मी पाळीवर बसलो, बिडी पेटवायचं विसरून गेलो. उन्हं वर आली तसे पाळीवर मासे चमकायला लागले, बायका टोपल्या घेऊन आल्या, आणि मी मनातल्या मनात रस्सा ढवळायला लागलो.

पण वाटणी लगेच होत नाही. तिथली रीत अशी, की ओढणं संपल्यावर एका जाणत्या माणसानं रिकाम्या हातानं, अनवाणी देवाच्या कोपऱ्यात उतरायचं. जाळं नाही, टोपली नाही. नुसत्या पायांनी चिखल चाचपायचा. मरळ घोट्याला लागून गेली की त्यानं म्हणायचं, ‘बीज आहे’. ते ऐकल्याशिवाय कुणी आपला वाटा उचलत नाही. हे काम इस्तारीभाऊंचं. त्यांचे गुडघे गेले तेव्हापासून ते पाळीवरूनच म्हणत आले होते, आणि लोक ते मानत आले होते.

त्या दिवशीही ते काठीवर भार देऊन उभे राहिले. त्यांनी तोंड उघडायच्या आत कुंता पाण्यात उतरलेली होती. कुणाला दाखवायला नव्हे. मला पक्कं माहीत आहे, ती आपली तंद्रीत चालत गेली. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून ती त्या कोपऱ्यात जायची, तशीच गेली असणार. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, नजर कुठं तरी मोहाच्या शेंड्यावर. ती पाय सरकवत गेली, थांबली, दुसरीकडं सरकली. मग तिचा चेहरा जागा झाला. असा जागा झालेला मी तो आधी कधी पाहिला नव्हता.

“काऊन, का झालं?” इस्तारीभाऊंनी विचारलं.

तिनं बापाकडे पाहिलं. साऱ्या गावासमोर बापाचा शब्द खोटा पाडायचा होता, आणि तिचा बापावर फार जीव.

“बीज नाई, बाबा,” ती म्हणाली. “निरा गाळ आहे. बेसरमाच्या मुळ्या लागून राह्यल्या पायाले. मरळीले बसाले जागाच नाई.”

इस्तारीभाऊ काठी सरकवत हळूहळू खाली बसले. म्हातारा रागावेल असं मला वाटलं होतं.

“माये पाय गेले तवापासून कोनी पाह्यलंच नाई तिथी,” ते म्हणाले. “मी म्हनत गेलो, तुमी आयकत गेले.”

एवढंच. मग मंडळींनी कुदळी आणल्या. बेशरमाची झुडपं मुळासकट उपटली, गाळ काढून खोलगट केलं, आणि त्या दिवशीच्या मासळीतल्या जिवंत मरळी हंड्यातून नेऊन तिथं सोडल्या. चांगल्या जाड मरळी होत्या. माझ्या वाट्याला बारके झिंगे आले आणि मी ते न कुरकुरता खाल्ले, यावरून काय ते समजा.

परतीच्या एस.टी.त कुंता खिडकीशी बसली होती. धानाची उघडी शेतं मागं पळत होती. मूल गावाच्या पुढं जंगल लागलं तेव्हा ती म्हणाली, “श्रीहरीभाऊ, मी त्या खुनेले देवाचं नाव देल्लं.”

“हो.”

“देवाच्या कोपऱ्यात जाळं नाई टाकत. पन उतरा तं लागते.”

घुग्घुसला कुणाचा भाऊ कामाला होता ते मला सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं खूण पुसली. पडद्यावर तो तुकडा पुन्हा काळा झाला. आदेश वैतागला. पेटी बांधायला पुठ्ठ्याचे खोके आले होते, खाणीतून फोन येत होते. “अवं, वीज जाईन, बॅटरी उतरन आन तवाच गॅस येईन, असं कधी होते का?” तो म्हणाला. आणि नेमकी तेव्हाच वीज गेली. यात दैवी काही नाही, दुपारचं भारनियमन होतं, रोजच जायची. पण आदेश वर थांबत चाललेल्या पंख्याकडे बघत राहिला. खाणीत वीज गेली की हवा खेळवणारा पंखाही थांबतो आणि गॅस साचायला लागतो. पेटीची खरी गरज असते ती तेव्हाच. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. माहीत असून आम्ही त्या कोपऱ्याकडे पाठ करून बसलो होतो.

मी उतरलेली बॅटरी जोडली. बोर्ड जळू नये म्हणून मध्ये फ्यूज घातला. फुग्यात लायटरचा गॅस भरून तो सेन्सरच्या तोंडाशी सोडला, आणि आम्ही भोंग्याकडे बघत राहिलो.

पेटी वाजली नाही.

मी पुन्हा फुगा भरला. पेटी शांत. खिडकीबाहेर सुबाभळीच्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळत होत्या तेवढाच आवाज. कुंतानं लॅपटॉपवर ठिपके बघितले. ते काळं घर आता पिवळं झालेलं होतं, आणि आत काय चाललंय ते दिसत होतं. बॅटरी वाचवायची म्हणून सूचना एकेक गोष्ट बंद करत जात होत्या. आधी दिवा, मग पडदा, मग गॅस हुंगणारा सेन्सर. आणि सगळं बंद केल्यावर त्या सेन्सरलाच विचारत होत्या, गॅस आहे का? बंद नाक म्हणत होतं, नाही. प्रत्येक ओळ आपल्या जागी शहाणी होती, क्रम तेवढा चुकला होता.

कुंतानं तोंडावर पदर धरला आणि रडली. “मिथुन खाली असता न जी,” एवढंच ती म्हणाली. आदेशनं तिला पाणी दिलं आणि स्वतः जाऊन खाणवाल्यांना फोन केला, की पेटी उशिरा येईल, आमच्या तपासणीत ती वाजलीच नाही. अशा वेळी माणूस ओळखावा.

दुरुस्ती म्हणाल तर दोन ओळींची अदलाबदल. आधी विचारायचं, मग बंद करायचं. तिसऱ्या फुग्याला भोंगा असा कोकलला की झिंगू टपरी सोडून धावत आला आणि विचारायला लागला, कोण गेलं. कुंतानं ‘हात लावू नये’ ही टीप पुसली नाही. तिच्याखाली लिहिलं, ‘दर वेळी उतरून पाहावे’.

पेटी खाणीत लागली. श्रावणात एका दुपारी मिथुन पाळी संपायच्या आतच परत आला. मी त्यांच्या ओट्यावर पेपर वाचत बसलो होतो. तो कोळशानं काळा, भिजलेला, आणि भयंकर चिडलेला.

“बाई, तुई पेटी भल्ली भेदरट आहे,” तो बहिणीला म्हणाला. “खाली लाइन गेली, अन् जे बोंबलली का, सायबानं साऱ्यायले वर काहाडलं. कोनाले काई झालं नाई. फुकटची हाजरी बुडाली.”

“वाजली ना?” कुंतानं विचारलं.

“वाजली म्हंजे? कान गेले माये.”

कुंता उठली. आत गेली, गरम भात आणला, त्याच्यासमोर बसली आणि तो जेवत असताना त्याच्याकडे बघत राहिली. “अशी काऊन पाह्यते मायाकडे?” तो म्हणाला. खाली गॅस किती होता, होता की नव्हता, ते मला माहीत नाही. वर आलेल्या माणसाला ते विचारायचं नसतं.

पुढच्या उन्हाळ्यात मी पुन्हा तलावावर गेलो, झिंग्यांचा अनुभव गाठीशी असूनही. तसंच धुकं होतं, तसंच सावकाश सरकणारं जाळं. ओढणं संपलं तेव्हा इस्तारीभाऊ काठी टेकून पाळीवर उभे होते, पण बोलले नाहीत. त्यांनी मिथुनकडे पाहिलं. मिथुन पँट वर दुमडून मोहाखाली उतरला आणि पाय सरकवत चालायला लागला. वाकून नाही, ताठ, पाण्याकडे न बघता. मध्येच तो दचकला, आणि लहान पोरासारखा हसला.

“बीज आहे,” तो म्हणाला.

बायकांनी टोपल्या उचलल्या, वाटणीची गडबड सुरू झाली. कुंता माझ्या शेजारीच बसलेली होती. ती भावाकडे बघत होती, गुडघाभर पाण्यात उन्हात उभ्या असलेल्या भावाकडे, आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. लोकांना वाटलं, इस्तारीची पोर मरळीसाठी रडते.